साथीच्या वर्षातली मदतफेरी

लाइनबाईंना हे नाव शाळेतल्या पोरांनी दिलं होतं. त्या खेळाच्या शिक्षिका. मैदानात पाऊल टाकलं की पहिला शब्द निघायचा तो "लाइन!" पोरं मोठी झाली, कुणी दुकान थाटलं, कुणी दवाखान्यात नोकरीला लागलं, तरी बाई बाजारात दिसल्या की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "नीट उभे राहा रे, लाइनबाई आल्यात." बाईंना त्याचा राग येत नसे. लोक नावं ठेवणारच, मग त्यातल्या त्यात हे बरं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना 'चिमी' म्हणणारं माणूस आता एकच उरलं होतं, त्यांचा थोरला भाऊ. दादा बसमध्ये कंडक्टर होता. आवाज असा की शेवटच्या बाकावर झोपलेला माणूस आपला थांबा आल्यासारखा दचकून उठायचा. निवृत्त झाल्यावरही चारचौघांत उभा राहिला की तो सवयीनं म्हणायचा, "चला, पुढे सरका, मागं जागा करा."

वहिनी आजारी पडली तेव्हा दादानं कितीतरी रात्री मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या जिन्याखाली वर्तमानपत्र अंथरून काढल्या. आत बायको, बाहेर तो, आणि आजूबाजूला त्याच्यासारखीच लांबून आलेली माणसं. वहिनी गेली. पुढं वर्षभर दादा फारसा बोललाच नाही. मग एक दिवस उठला आणि रुग्णालयासमोरचं बंद पडलेलं गोदाम भाड्यानं घेऊन आला. त्याचं झालं मुक्कामघर. रुग्णाच्या नातेवाइकानं यावं, आंघोळ करावी, दोन घास खावेत, पाठ टेकावी. कुणी पैसे विचारायचे नाहीत. ते चालावं म्हणून दरवर्षी मदतफेरी निघायची. धावणारे धावायचे, चालणारे चालायचे, जो तो आपापल्या ओळखीच्यांकडून देणगी गोळा करून आणायचा. "तू लाइन लाव, मी भाषण ठोकतो," असं दादा म्हणायचा आणि तसंच व्हायचं. भाषणात वहिनीचा एकच विनोद दरवर्षी असायचा. आयुष्यात तिनं एकदाच त्याच्या बसमधून विनातिकीट प्रवास केला आणि नेमका त्याच दिवशी तपासनीस चढला. लोकांना तो पाठ झाला होता, तरी लोक हसायचे.

मग साथ आली.

पहिल्या वर्षी फेरीचं नावही कुणी काढलं नाही. बाईंच्या शाळेतले चित्रकलेचे सर त्या वर्षी गेले. परवापर्यंत शिक्षकखोलीत समोर बसून डबा खाणारा माणूस. बाईंनी त्यांचं अखेरचं दर्शन मोबाइलच्या पडद्यावर घेतलं, तेही मध्येच अडकलं. तेव्हापासून साथीवरचे विनोद त्यांना पचेनासे झाले. शाळा बंद होती. बाई दिवाणखान्यात उभ्या राहून पडद्यासमोर कवायत घेत आणि पडद्यावरच्या छोट्या छोट्या चौकोनांत अर्धी पोरं अंथरुणातूनच हात वर करत.

दुसऱ्या वर्षी साथ जरा ओसरली तेव्हा मुक्कामघर सांभाळणाऱ्या मावशींचा फोन आला.

"बाई, अंतर ठेवायचं म्हणून एकाआड एक खाटा काढल्या. आता निम्मी माणसं परत पाठवावी लागतात. काल एका म्हाताऱ्याला नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. तो परत जिन्याखाली गेला बघा."

शेजारचा हॉल भाड्यानं मिळत होता, पण तो घ्यायचा तर मदतफेरी काढायलाच हवी होती. परवानगीही मिळाली, मात्र अटी हातभर. गर्दी नको, भाषण नको, उद्घाटन नको, खाणंपिणं नको.

दादा म्हणाला, "मग राहिलं काय? नुसते पाय?"

"पायच लागतात चालायला," बाई म्हणाल्या.

सगळी व्यवस्था बाईंच्या गळ्यात पडली. त्यांनी फेरीचे लहान लहान गट पाडले आणि प्रत्येक गटाला वेगळी वेळ दिली. धावणारे आधी, कारण ते जोरजोरात श्वास टाकतात. ते गेले आणि रस्ता जरा मोकळा झाला की मग चालणारे. पुढच्याला मागं टाकायचं तर उजवीकडून, तेही आवाज देऊन. थुंकायचं नाही. पाण्याची बाटली ज्यानं त्यानं आणायची. पदक कुणी कुणाच्या गळ्यात घालायचं नाही, टेबलावर मांडून ठेवलेलं आपलं आपण उचलायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्याच्या अंगात कणकण आहे, किंवा ज्याच्या घरात कुणाला ताप-खोकला आहे, त्यानं यायचं नाही. देणगी पाठवावी, पाय घरी ठेवावेत.

नियम लिहायला एक संध्याकाळ लागली. ते लोकांच्या गळी उतरवायला बाईंच्या नाकी नऊ आले. दिवसभर फोन. "लग्नं दणक्यात चाललीत, सभा चालल्यात, आणि तुमच्या चालण्यालाच तेवढा नियम?" "मी आणि माझी मैत्रीण वेगवेगळ्या गटात कशा?" "मास्क लावून धावलो तर जीव जाईल, बाई." बाई सगळ्यांना तेच सांगत, त्याच आवाजात. संध्याकाळपर्यंत घसा बसे. त्यांचे यजमान सायकली दुरुस्त करत. ते दुकान बंद करून येत तेव्हा बाई खुर्चीत मान मागं टाकून बसलेल्या असत.

"काय, आज किती शहाणे भेटले?" ते विचारत.

"एक होता. तो म्हणाला, मी येतच नाही."

यजमानांनी एक घोषवाक्यही सुचवलं, 'नाकासमोर चाला, पण नाक झाकून.' ते फलकावर गेलं. साऱ्या तयारीत तेवढं एक वाक्य कुणी वाद न घालता मंजूर केलं.

फेरीच्या आदल्या दिवशी बाईंनी दादाच्या घरी फोन केला. फोन सूनबाईनं उचलला. आवाज बसलेला होता.

"काही नाही, आत्याबाई, कालपासून जरा कणकण आहे. सकाळी तपासणीला देऊन आले. रिपोर्ट उद्या येईल."

बाई म्हणाल्या, "दादाला दे."

दादानं सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला. एवढंच. एरवी तासभर वाद घालणारा माणूस एका शब्दात ऐकतो, यातच पाणी मुरतंय हे बाईंच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्या इतक्या थकल्या होत्या की कुणीतरी वाद घातला नाही याचंच त्यांना बरं वाटलं.

सकाळी मैदानाजवळच्या रस्त्यावर पाहतात तो अंतर ठेवून उभं राहण्यासाठी काल आखलेली निम्मी वर्तुळं गायब. झाडणाऱ्यांनी रस्ता धुतला होता. त्यांची चूक नव्हती, त्यांचं ते काम. बाईंनी पुन्हा फक्कीचा डबा घेतला आणि वाकून एकेक वर्तुळ काढत निघाल्या. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती. धावणारे येऊन गेले. चालणाऱ्यांचा पहिला गट येऊन आपापल्या वर्तुळात उभा राहिला, कॅरमच्या सोंगट्या मांडल्यासारखा. टेबलापाशी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी बसली होती. ती आता नर्स होती. प्रत्येकाच्या कपाळासमोर ताप मोजायचं यंत्र धरायची आणि एकच प्रश्न विचारायची.

"काका, घरात कुणाला ताप, खोकला?"

"सगळे ठणठणीत!"

हा आवाज बाईंनी गर्दीतही ओळखला असता, आणि इथं तर गर्दी नव्हती. त्या ताठ उभ्या राहिल्या. टोपी, पांढरे बूट, छातीवर टाचलेला क्रमांक. दादा.

बाई चार हात अंतर ठेवून त्याच्यासमोर आल्या.

"दादा, तू इथं काय करतोस?"

"दरवर्षी काय करतो?"

"काल आपलं काय ठरलं?"

"तू ठरवलंस. मी बरं म्हटलं. बरं म्हणजे हो नव्हे."

"सूनबाईचा रिपोर्ट यायचाय अजून."

"हळू बोल," दादा म्हणाला. "मी वेगळ्या खोलीत झोपतो. तिच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. ताप नाही. या पोरीनं कपाळावर पिस्तूल रोखलं, त्यातून काय निघालं? काही नाही."

"नियम घरातल्या माणसांचाही आहे. कालच याच कारणासाठी एका बाईला मी नको म्हटलं. फोनवर रडली ती."

"ती आणि मी एकच?"

बाईंना नाही म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, "आज एकच."

वर्तुळातली माणसं आता उघड उघड बघत होती. नर्स मान खाली घालून टेबलावरची बाटली पुसत राहिली.

दादाचा आवाज खाली आला. "चिमे, ही तुझ्या वहिनीची फेरी आहे."

"माहीत आहे मला."

"मी मागून चालतो. सगळ्यांच्या मागून, एकटा. चार हात काय, चाळीस हात लांब राहतो."

इथं बाई अडखळल्या. खरंच चालला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? उघडं आकाश, रिकामा रस्ता, आणि सगळ्यांच्या मागं एक म्हातारा. त्यांनी वर्तुळांकडं पाहिलं. पुढच्याच वर्तुळात काठी घेतलेली एक बाई उभी होती, तिनं दोनदा फोन करून विचारलं होतं, "नक्की सुरक्षित आहे ना? मुलगी सोडत नाही मला." बाईंनी तिला शब्द दिला होता.

"दादा, घरी जा."

दादा छातीवरचा क्रमांक काढायला लागला. टाचणी कापडात अडकली. त्याची बोटं जाड, नजर अधू, टाचणी काही निघेना. बाईंचा हात आपोआप पुढं झाला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो मागं घेतला. टाचणी निघेपर्यंत त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

क्रमांक टेबलाच्या कडेला ठेवून दादा म्हणाला, "जन्मभर लोकांना खाली उतरवलं मी. आज माझी पाळी." आणि स्कूटरकडं गेला. एरवी एका लाथेत सुरू होणारी स्कूटर त्या दिवशी सुरू व्हायला फार वेळ लागला.

त्यानंतर बाईंनी हात वर करून खाली आणला आणि पहिला गट निघाला. मग दुसरा. मग तिसरा. वळणावर काही जण मास्क काढून गळ्यात गळे घालून फोटो काढत होते, त्यांना वेगळं केलं. फेरीच्या समितीतले कापड दुकानदार प्रेमानं सरबताचं पिंप घेऊन आले, सोबत चार पेले, सगळ्यांत मिळून. बाईंनी ते परत पाठवलं. दुकानदार दुखावले. "पुण्याचं काम करायला आलो तर हे!" म्हणाले. आज रुसणाऱ्यांची लाइन लागली आहे, असं बाईंच्या मनात आलं, पण हसूही आलं नाही. काठीवाली बाई सगळ्यांत शेवटी परतली. तिनं टेबलावरचं पदक उचलून आपलं आपणच गळ्यात घातलं आणि लांबूनच हात जोडले. बाईंनी मान हलवली. बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

दुपारी घरी आल्यावर त्या न्हाणीघरात स्टुलावर बसल्या आणि बसूनच राहिल्या. बादली भरून वाहत होती. यजमानांनी दार वाजवलं, "अगं, ठीक आहेस ना?"

"ठीक आहे. उठवत नाही फक्त."

ते बाहेरूनच म्हणाले, "मग बस. घाई काय आहे!"

सूनबाईचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी आला. तिला साथ लागली होती. बाई धास्तावल्या, आणि लागलीच, माणूस कसा असतो बघा, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. पण पुढच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला.

"आत्या, हिला आता बरं वाटतंय. बाबांची दोनदा तपासणी झाली. दोन्ही वेळा काही निघालं नाही. तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय त्यांनी."

'मुद्दाम' या शब्दाचा अर्थ बाईंना सांगावा लागला नाही.

पुढचे काही दिवस फोन वाजला की त्या आधी कुणाचा आहे ते बघायच्या. फेरीत आलेलं कुणी आजारी पडलं का? रात्री झोप लागेना, दिवसा डोळे मिटायचे. कुणीच पडलं नाही. निदान कानावर आलं नाही. सरांसारखं पुन्हा कुणाला पडद्यावर पाहावं लागलं नाही. पण ज्या गोष्टी घडल्या नाहीत त्या दाखवायच्या कुणाला आणि कशा?

समितीची बैठक पडद्यावरच झाली. देणग्या बऱ्या जमल्या होत्या, शेजारचा हॉल घ्यायचं ठरलं. शेवटी कापड दुकानदार म्हणाले, "बघा, काहीच झालं नाही. उगाच एवढा बाऊ केला. दादांना तरी परत पाठवायला नको होतं, बरं दिसलं नाही ते." दोन-तीन चौकोनांतून माना हलल्या. दादाचा चौकोन काळा होता, तो आलाच नव्हता. बाईंना सांगता आलं असतं की काही झालं नाही ते बाऊ केला म्हणूनच. पण हे त्यांना सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं, आणि भांडायला अंगात जोरही नव्हता. "बरं, निघते मी," म्हणून त्यांनी कळ दाबली.

मावशी मात्र आठवड्यानं म्हणाल्या, "नव्या हॉलमध्ये खाटा मांडल्या, बाई. ऐसपैस. काल कुणालाच परत पाठवलं नाही." बाईंनी ते दोनदा सांगायला लावलं.

दादाचं बाईंशी बोलणं बंद झालं ते झालंच. सणावाराला भाचा फोन करी, मागं दादाचा खाकरण्याचा आवाज येई, पण फोन त्याच्या हातात जात नसे. दोघांनीही हट्ट धरला होता असं नाही. पहिला शब्द कुठला काढायचा हेच दोघांना कळत नव्हतं. यजमान एकदा म्हणाले, "जाऊन ये सरळ." बाई म्हणाल्या, "जाऊन काय सांगू? चुकलं म्हणू? चुकलं नाही. बरोबर केलं म्हणू? मग भांडायलाच गेल्यासारखं होईल." यजमानांनी दोन्ही हात वर केले आणि सायकलीच्या साखळीत डोकं घातलं.

कित्येक महिन्यांनी एका दुपारी फोन वाजला.

"चिमे, तो नळ दुरुस्त करणारा आहे ना तुमच्याकडं, त्याचा नंबर दे. न्हाणीत पाणी टपकतंय."

"देते," बाई म्हणाल्या. नंबर सांगितला. मग म्हणाल्या, "तो दुपारचा झोपतो. चारनंतर कर."

"बरं."

या वेळचं बरं म्हणजे बरंच होतं.

साथ गेली. पुढची मदतफेरी पूर्वीसारखी भरायची ठरली तेव्हा बाईंनी समितीला सांगून टाकलं, "मी आता लाइन लावणार नाही. माझी दमछाक झाली." आश्चर्य कुणाला वाटलं नाही, आग्रहही फार कुणी केला नाही, तेवढं मात्र बाईंना जरा लागलं. काम त्या नर्सनं घेतलं. बाई पहिल्यांदाच साध्या चालणाऱ्या म्हणून आल्या. कुठं उभं राहायचं ते कळेना, म्हणून कडेला उभ्या राहिल्या. कर्ण्यावर गाणी चालू होती, माणसं खांद्याला खांदा लावून हसत होती. दादाचं भाषण झालं. विनातिकीट प्रवासाचा विनोद झाला, लोक हसले. मग फेरी निघाली तसा तो गर्दीतून वाट काढत बाईंपाशी आला आणि शेजारी चालू लागला.

रुग्णालयाच्या भिंतीपर्यंत दोघं तसेच गेले. तिथं दादाला दम लागला.

"बसू या जरा," तो म्हणाला.

दोघं पदपथाच्या कडेला टेकले. समोरून माणसं जात होती, काही हात करत होती.

"माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता," दादा म्हणाला.

"माहीत आहे."

"म्हणजे चाललो असतो तरी काही झालं नसतं."

"नसतं झालं."

दादानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आणि पुन्हा तशी वेळ आली तर?"

बाईंनी विचार केला. गोड बोलायचं ठरवलं असतं तर ते दोघांनाही बरं वाटलं असतं.

"घरी पाठवीन," त्या म्हणाल्या.

दादानं समोरून जाणाऱ्या कुणालातरी हात केला. "पाठवशील तू," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. पाऊस पडतो, बस उशिरा येते, तसं ते त्यानं म्हटलं. "फार वाईट वाटलं होतं मला त्या दिवशी."

"मलाही."

"तुझं तोंड झाकलेलं होतं. मला काही दिसलं नाही."

कर्णा घेतलेली नर्स तिकडून ओरडली, "बाई, काका, वाट अडवू नका, पुढं चला!"

बाई उठायला गेल्या, पण गुडघ्यानं साथ दिली नाही. दादानं हात पुढं केला. तो धरून त्या उठल्या, आणि हात न सोडता दोघं सगळ्यांच्या मागून, सावकाश, चालू लागले.